पॉइंट पाच बाईंचे चार अंश

कॉलेजची तीन वर्षं मी आत्याच्या घरी राहिले. त्या घरात ताप आहे की नाही हे कपाळावर हात ठेवून ठरत नसे. "अंग गरम वाटतंय," असं मी म्हटलं की आत्या म्हणायची, "वाटतंय ते राहू दे. थर्मामीटर आण." तोही एक नव्हे, दोन. दोन्हींचा आकडा जुळला तरच माझा ताप खरा. आतोबांचं शिवणकामाचं दुकान घराखालीच होतं. ते गळ्यात टेप अडकवून वर यायचे आणि विचारायचे, "काय, मिळाली का आजाराला मंजुरी?"

आत्याच्या कारखान्यात दवाखान्यांसाठी सलाइनच्या बाटल्या भरल्या जात. तिचा विभाग मापनाचा. विभाग म्हणजे एकच खोली. तिच्यात एक लांब टेबल, गरम तेलाची छोटी टाकी, बर्फाचा थर्मास, कुलुपाच्या कपाटात पेटीत जपून ठेवलेले दोन प्रमाण थर्मामीटर, एक प्रमाण प्रेशर गेज, आणि आत्या. कारखान्यातला प्रत्येक डायल, प्रत्येक सेन्सर पाळीपाळीने त्या टेबलावर यायचा. आत्या त्याला बर्फात बुडवायची, तेलात तापवायची, प्रमाण थर्मामीटरशी ताडून बघायची. अर्ध्या अंशाच्या आत जुळला तर हिरवी चिठ्ठी, नाहीतर लाल. तिथे गयावया चालत नसे. म्हणून कारखान्यात तिला सगळे 'पॉइंट पाच बाई' म्हणायचे.

हे नाव ठेवलं होतं बॉयलरवाल्या दादांनी. उंचापुरा माणूस, आवाज भरदार, शिक्षण सातवीपर्यंत. पंचवीस वर्षं बॉयलर सांभाळत होते. पाइपावर नुसता पाना टेकवून, त्याचं दुसरं टोक कानाला लावून ते सांगायचे, आत वाफ आहे की पाणी साचलंय. एकदा आत्याने त्यांच्या आवडत्या प्रेशर गेजला लाल चिठ्ठी लावली. तो गेज त्यांच्याकडे अठरा वर्षं होता. दादांनी तो रोज फडक्याने पुसलेला, काचेवर एक ओरखडा नाही. पण काटा दोन पौंड पुढे पळत होता. दादांनी अबोला धरला तो दोन महिने, आणि त्या दोन महिन्यांतच हे नवं नाव फाटकापासून कॅन्टीनपर्यंत पोचलं.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा कारखान्याने नवा ऑटोक्लेव्ह घ्यायचं ठरवलं. ऑटोक्लेव्ह म्हणजे खोलीएवढी लोखंडी पेटी. भरलेल्या बाटल्या ट्रॉल्यांवर रचून आत ढकलायच्या, दार आवळायचं आणि वाफ सोडायची. एकशे एकवीस अंशांवर ठरलेली मिनिटं भरली की आतले जंतू मरतात. तेवढं तापमान गाठलंच नाही, तर बाटली दिसायला तशीच स्वच्छ, तशीच पारदर्शक राहते. बघून काही कळत नाही. कळतं ते फक्त सेन्सरला.

साहेबांनी, म्हणजे कारखान्याच्या प्रमुखांनी, आत्याला बोलावून सांगितलं, "तापमानाचा सेन्सर कुठला घ्यायचा ते तुम्ही ठरवा."

तोवर यंत्राबरोबर जो येईल तो गोड मानून घ्यायची रीत होती. आत्या घरी आली ती हातभर कॅटलॉग घेऊनच. आतोबांच्या कापड कापायच्या टेबलावर तिने ते पसरले. आतोबा म्हणाले, "अगं, एका गिऱ्हाइकाची पँट आहे त्याच्याखाली."

"पँट कुठे पळत नाही. हे बघा." मग आम्हा दोघांनाही धडा मिळाला. "दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडायच्या. टोक तापलं की तारांमध्ये इवलासा विजेचा दाब तयार होतो. तो मोजायचा. हे झालं थर्मोकपल. काटक असतं, भट्टीतसुद्धा टिकतं. आणि हा दुसरा, पीटी हंड्रेड. प्लॅटिनमची बारीक तार. बर्फात ठेवली की ती विजेला बरोबर शंभर ओहम अडवते. जसजशी तापेल तसतशी जास्त अडवते, अगदी शिस्तीत. किती अडवलं ते मोजलं की तापमान कळलं."

"म्हणजे एक पैलवान आणि एक हिशेबनीस," आतोबा म्हणाले.

"तसंच म्हणा. माझ्याकडे कुस्ती नाहीये."

विक्रेता आला तो थर्मोकपल घेऊन. माणूस मोठा बोलघेवडा. आत्याने ती भेट घरी येऊन दोघांच्या आवाजांत करून दाखवली होती, म्हणून मला शब्दन्‌शब्द आठवतो.

"मॅडम, बाराशे अंशांपर्यंत मोजतो हा."

"आम्हाला बाटल्या निर्जंतुक करायच्यात, वितळवायच्या नाहीत."

"भविष्याचा विचार करा ना, मॅडम."

"भविष्यातही सलाइन एकशे एकवीसलाच करणार आम्ही. तुमच्या कागदावर लिहिलंय, दीड अंशापर्यंत चूक होऊ शकते."

"दीड अंश म्हणजे काय, काहीच नाही हो!"

"असं करा, बाहेर जा आणि मला इथे काय म्हणतात ते कोणालाही विचारून या."

तिने वहीत प्रश्न लिहून काढले होते. किती गरम मोजायचंय? किती चूक चालेल? तापमान बदललं तर किती लवकर कळायला हवं? सेन्सर बसणार कुठे? दोन आठवडे ती त्या प्रश्नांच्या मागे होती. पेटीत सर्वांत थंड जागा तळाशी, वाफेचं पाणी निचरून जातं तिथे असते, म्हणून सेन्सर तिथेच बसवायचा हे तिने भांडून मान्य करून घेतलं. जाड नळीत बसवलेला सेन्सर मागाहून जागा होतो, म्हणून पातळ नळीचा मागवला. शेवटी निवड झाली ती पीटी हंड्रेडची, त्यातल्याही सर्वांत काटेकोर वर्गाची. दोन नग आले. एक यंत्र चालवायला, दुसरा आलेख काढणाऱ्या यंत्राला. तिच्या टेबलावर दोघांनीही एक दशांश अंशापलीकडे चूक दाखवली नाही. त्या दिवशी आत्या गाणं गुणगुणत घरी आली. आतोबा मला हळूच म्हणाले, "आमच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा एवढी खूश नव्हती."

मग यंत्र उभं राहिलं. सेन्सरपासून कंट्रोल पॅनेलपर्यंतची तीस मीटरची केबल कंत्राटदाराच्या माणसांनी ओढली. पॅनेलवर आकडे उमटले, आलेखाचा आकडा त्यांच्याशी तंतोतंत जुळला. उत्पादनवाल्यांनी दम घेऊ दिला नाही. आत्याने कागदावर सही केली. सेन्सर जागेवर बसवल्यानंतर, त्या लांब केबलसकट पुन्हा एकदा तपासायचं राहून गेलं. पुढे हे सांगताना ती कधी 'राहून गेलं' म्हणून थांबत नसे. "राहिलं नाही. मी सोडलं," असं म्हणायची. "टेबलावर मीच तर बघितले होते. दोघांचा आकडा जुळत होता. मला वाटलं, आता काय बघायचंय."

दोन घाणे निघाले, म्हणजे दोनदा पेटीभर बाटल्या. सहा हजारांच्या वर बाटल्या प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट बघत गोदामात रचलेल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आत्या डबा उघडणार, तोच बॉयलरवाले दादा तिच्या खोलीत आले. त्यांनी दार लावून घेतलं. खुर्ची दाखवली तरी बसले नाहीत. हातातली टोपी चुरगाळत उभे राहिले.

"बाई, एक बोलू का? राग मानू नका."

"बोला ना."

"तुमचा सेन्सर म्हणतो एकशे एकवीस. माझी वाफ तसं म्हणत नाही."

आत्याला समजेना. दादा म्हणाले, "एकशे एकवीसला पंधरा पौंड दाब यायला हवा. पंचवीस वर्षं येतोय. नव्या पेटीवरचा गेज बाराच्या पुढे सरकत नाही. दोन्ही घाण्यांना मी तिथे उभा होतो. आत हवा अडकली असती तर दाब जास्त दिसला असता. कमी कसा दिसेल?"

आत्याच्या तोंडून पहिलं वाक्य जे निघालं त्याची तिला पुढे कितीतरी वर्षं लाज वाटत राहिली. ती म्हणाली, "त्या गेजची तपासणी कधी झालीय?"

"गेल्या महिन्यात," दादा म्हणाले. "तुम्हीच केलीत. हिरवी चिठ्ठी आहे. तुमची सही आहे."

जेवणाचा डबा तसाच ठेवून ती बर्फाचा थर्मास घेऊन निघाली. मागोमाग दादा, हातात पाना. पेटी थंड होती. दादांनी तळाचा सेन्सर नळीसकट सोडवून दिला, आत्याने तो बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि दोघं पॅनेलसमोर जाऊन उभे राहिले. आकडा उतरत उतरत आला आणि चारवर थांबला. बर्फातला सेन्सर शून्य दाखवायला हवा. त्यांनी पाच मिनिटं वाट बघितली. चार म्हणजे चारच. मग दुसरा सेन्सर बुडवला. तोही चार.

आत्याने पॅनेलचं झाकण उघडलं. सेन्सरमधून तीन तारा निघतात. दोन मोजायला आणि तिसरी, केबल स्वतः किती अडवते ते ओळखून वजा करायला. पण पॅनेलपर्यंत केबल आली होती दोनच तारांची. कंत्राटदाराच्या माणसांनी जवळ होती ती केबल ओढली आणि तिसऱ्या जागी तारेचा एक छोटा तुकडा वाकवून बसवला, म्हणजे यंत्राने तक्रार करू नये. त्यामुळे तीस मीटर जाणाऱ्या आणि तीस मीटर येणाऱ्या तांब्याचा अडथळाही प्लॅटिनमच्याच खात्यात धरला जात होता. दोन्ही सेन्सरना तशीच केबल, तेवढीच लांब. म्हणून दोघं एकमेकांशी जुळत होते. दोघंही चार अंश जास्त सांगत होते. पॅनेलवर एकशे एकवीस असताना पेटीत होते एकशे सतरा.

आत्या तिथेच जमिनीवर बसली. "दादा," ती म्हणाली, "मी सही केलीय."

दादांनी पाना बाजूला ठेवला आणि तेही शेजारी बसले. "बाटल्या अजून गोदामातच आहेत," ते म्हणाले. "उठा. आधी साहेबांकडे जाऊ."

"तुम्ही कशाला? चूक माझी आहे."

"गेज माझा आहे," दादा म्हणाले.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं, पण चेहरा पडला. त्यांच्या टेबलावर त्याच बाटल्यांची वाट बघणाऱ्या तीन दवाखान्यांची पत्रं होती. ते म्हणाले, "प्रयोगशाळेचा अहवाल येऊ दे. त्यांनी नमुने घेतलेत ना? स्वच्छ निघाले तर?"

"नमुने वीस बाटल्यांचे आहेत, साहेब," आत्या म्हणाली. "वीस बाटल्यांत काही सापडलं नाही म्हणून सहा हजारांत नाहीच असं मी कुठल्या तोंडाने लिहू? तिथे चार अंश कमी होते. माझ्याच्याने हिरवी चिठ्ठी लावली जाणार नाही."

"आणि तुमच्या सहीचं काय?"

"ती चुकीची होती. तेही मी लिहून देते. सेन्सर बरोबर निवडला, पण जागेवर तपासला नाही. कंत्राटदाराने तार चुकवली, मी ती बघितली नाही."

साहेबांनी दादांकडे बघितलं. "तुम्हाला कोणी विचारलं होतं का हे बघायला?"

"नाही साहेब. कोणी विचारलं नाही. म्हणून मीच सांगायला आलो."

मग साहेबांनी फोन उचलला आणि गोदामाला सांगितलं, दोन्ही घाण्यांवर लाल पट्टी लावा. फोन ठेवून ते आत्याला म्हणाले, "मला वाटलं होतं, सेन्सर निवडायला सांगितलं की माझं काम संपलं. केबल कोणाची, ती कोण बघणार, हे मीही विचारलं नाही. तुमच्या कागदावर माझीही सही घ्या." तेवढं बोलून त्यांनी त्या तीन दवाखान्यांना एकेक फोन लावायला घेतला. आत्या सांगते, ती त्या खोलीतून बाहेर पडली तेव्हा तिला पहिल्यांदा रडू फुटलं. साहेब ओरडले असते तर कदाचित फुटलं नसतं.

घरी आली तेव्हा मी आणि आतोबा चहा पीत होतो. तिने चपला काढता काढताच सगळं सांगून टाकलं. आतोबांनी थट्टा केली नाही. ते उठले, आपला चहा तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "मी एकदा नवरदेवाचा कोट बाहीला चार बोटं आखूड शिवला होता. माप बरोबर घेतलं होतं. पण कापड ज्या टेपने आखलं तिचं पहिलं टोक तुटलेलं होतं." आत्या रडता रडता हसली. मी तिला तशी पहिल्यांदाच बघत होते.

बाटल्या नष्ट करायच्या तर एकेक उघडून रिकामी करावी लागे. आत्याने ते काम मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी रबरी बूट घालून ती धुलाईच्या हौदाशी उभी राहिली. तासाभराने दादा आले, बाह्या वर सारून. मग पॅकिंगच्या बायका आल्या. त्यांच्यातली सर्वांत थोरली, सगळ्यांची 'मावशी', म्हणाली, "बाई, आठ तास आम्ही भरतो, तेव्हा कोणी बघायला येत नाही. आज ओतायलाच सगळे हजर." हौदाभोवती हशा पिकला. तीन दिवस ते काम चाललं. कोणी आत्याला एका शब्दाने टोचलं नाही. तिने मनाची तयारी केली होती, की लोक म्हणतील, लागली का लाल चिठ्ठी बाईंना! तसं कोणी म्हणालंच नाही.

त्यातल्या दुसऱ्या दिवशी बाटल्या ओतता ओतता तिने दादांना विचारलं, "तुम्ही सरळ साहेबांकडे का गेला नाहीत? माझ्याकडे आधी का आलात?"

"खरं सांगू?" दादा म्हणाले. "तुमच्या दारापर्यंत दोनदा येऊन परत गेलो. वाटलं, सातवी शिकलेला माणूस प्लॅटिनमच्या सेन्सरला खोटं ठरवायला निघालाय, हसतील. मग आठवलं. माझा गेज नापास केलात तेव्हा चार लोकांत नाही सांगितलंत. मला खोलीत बोलावून, प्रमाण गेज शेजारी लावून, काटा कसा पळतो ते दाखवलंत. राग आला होता मला. पण तुम्ही दाखवलं होतं. म्हटलं, ही बाई बघायला तरी येईल."

आत्याने मान हलवली आणि पुढची बाटली उघडली.

तीन तारांची नवी केबल आली. या वेळी आत्या स्वतः शिडीवर चढून ती शेवटच्या स्क्रूपर्यंत बघून आली. सेन्सर जागेवर बसवून, सगळ्या केबलसकट, आधी बर्फात आणि मग गरम तेलात तपासला. वहीतल्या प्रश्नांखाली तिने आणखी दोन लिहिले: सेन्सरपासून आकड्यापर्यंतची वाट कशी आहे, आणि सेन्सर खोटं बोलला तर ते सांगणारं दुसरं कोण आहे? नव्या केबलवरचा पहिला घाणा निघाला तेव्हा पॅनेल म्हणालं एकशे एकवीस, आणि गेजचा काटा पंधरा पौंडांवर जाऊन थांबला. दादांनी लांबूनच दोन बोटं वर केली. तिचा जीव भांड्यात पडला.

दादांचे आभार कसे मानावेत याचा विचार ती बरेच दिवस करत होती. भेटवस्तू त्यांनी घेतली नसती. एकदा तोंडाने आभार मानले तर ते म्हणाले, "माझे कसले, वाफेचे माना." शेवटी तिने साहेबांकडे एक कागद नेला. प्रत्येक घाण्याचा एक नोंदीचा तक्ता असतो. त्यात वेळ, तापमान आणि तपासणाऱ्या माणसांच्या सह्या. त्या तक्त्यात आत्याने दोन नवे रकाने आखले होते. एक दाबाचा. आणि त्याच्या पुढचा, बॉयलरवाल्याच्या सहीचा. दाब तापमानाशी जुळतो अशी त्याची सही असल्याशिवाय घाणा गोदामात जायचा नाही. साहेबांनी कागद वाचला, एकदा तिच्याकडे बघितलं आणि मंजूर केला.

पंचवीस वर्षांत दादांची सही पगाराच्या कागदाशिवाय कुठे लागली नव्हती. पहिल्या दिवशी तक्ता समोर आला तेव्हा ते म्हणाले, "इथे? मी?"

"हो. इथे तुम्हीच."

त्यांनी हात पुसले. फडक्याने एकदा, मग पँटला एकदा. आणि वळणदार अक्षरांत, आडनावासकट, पूर्ण नाव लिहिलं. त्या छोट्या रकान्यात ते मावेना, शेवटची दोन अक्षरं रेघेबाहेर गेली. पुढच्या तपासनिसाने कुरकुर केली की रकाना सोडून लिहू नये. आत्या म्हणाली, "रकाना मी मोठा करून देते." आणि दिला.

दादा पुढे चार वर्षं होते. निवृत्तीनंतर ते मुलीकडे राहायला गेले. बॉयलरवर नवी माणसं आली. सहीचा रकाना तसाच चालू राहिला. आत्याही आता निवृत्त झाली आहे, आणि महिन्यातून एकदा बसने त्यांना भेटायला जाते. मागच्या खेपेस मीही बरोबर होते. दोघं व्हरांड्यात बसून गुडघेदुखीवर बोलत होते, मुलीच्या घरच्या गॅस गिझरला दोघं मिळून नावं ठेवत होते. निघताना मी दादांना म्हटलं, "तुमच्याबद्दल आत्याकडून खूप ऐकलंय."

"काय सांगते?" त्यांनी विचारलं.

मी सांगायला लागले, पण आत्याच मध्ये म्हणाली, "हेच, की माझ्या हातून जे घडलं असतं, ते तुमच्यामुळे घडलं नाही. अजूनही आठवलं की हात जोडावेसे वाटतात."

दादा मुलीला हाक मारून म्हणाले, "अगं, छत्री दे बाईंना. बस स्टॉपपर्यंत ऊन फार आहे."